फुकट आहे ना? मग बरोबर!

शनिवारी जेल रोडवरच्या एका दुकानात माझी जी शोभा झाली ती अजून डोक्यातून उतरत नाहीये. भाचीला शाळेच्या प्रदर्शनासाठी कुंडीतली माती सुकली की दिवा लागेल असं काहीतरी करायचंय, त्यासाठी आर्डुइनोचा (प्रोग्राम टाकला की दिवे-बिवे चालवणारा चिमुकला संगणक) स्वस्तातला बोर्ड आणला, आणि मामा लिनक्सवाला म्हणून प्रोग्राम टाकायचं काम मामाच्या गळ्यात. केबल लावली, बोर्डावरचा दिवा लागला, पण लॅपटॉपवर जोडलेला बोर्ड जिथे दिसायला हवा त्या पोर्टच्या यादीत ठणठणाट. वैतागून केबल सकाळच्या कचरागाडीत टाकली, आमच्या इंदूरात ई-कचऱ्याचाही डबा वेगळा असतो, २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिला नंबर काय उगाच आला का. केबल चांगली होती हे नंतर कळलं. असो. असो कसलं, दीडशे रुपये गेले.

नवी केबल, तेच रडगाणं. म्हणून लॅपटॉप-बोर्ड सगळं घेऊन दुकानात. पोरानं बोर्ड त्याच्या धुळकट विंडोजला लावला आणि लगेच टुंग! "भिया, बोर्ड तो मस्त चल रिया है, लोचा तुम्हारे लैपटॉप में है." सहा गिऱ्हाइकांसमोर.

त्यातच एक काका होते, टीव्हीचा रिमोट रुमालात गुंडाळून आणलेला. मी मराठीत पुटपुटलो आणि फसलो.

"मराठी का? रामबागेतले?"

"नाही, सुदामानगर."

"विंडोज नाही का यात?"

"लिनक्स आहे, काका."

"कुठल्या कंपनीचं?"

"कंपनीचं नाही हो, फुकट असतं."

"फुकट आहे ना? मग बरोबर!" असं म्हणून त्यांनी मान डोलावली, जणू डॉक्टरला एकदाचा रोग सापडला. मी उगाच चिडून सांगायला गेलो की फिनलंडच्या एका विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये सुरू केलं, आज जगातले बहुतेक सर्व्हर यावरच चालतात, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्याही पोटात हेच आहे. काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे त्याचाही प्रोजेक्टच होता. अजून पुरा नाही झाला का?"

मग म्हणाले, जावई पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि मी नको नको म्हणेपर्यंत फोन लावला, तोही स्पीकरवर. जावयाच्या मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रीस्टार्ट करून बघायला सांगा ना, बाबा." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की बघा, पॅकेज उगाच मिळत नाही. पोरानं 'चेकिंग'चे वीस रुपये घेतले, ते वेगळेच.

रात्री एक वाजता चोर सापडला. उबंटू २२.०४ मध्ये, म्हणजे माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्समध्ये, अंध लोकांच्या ब्रेल यंत्रांसाठी बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम आधीपासून असतो. चांगलीच सोय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या बोर्डावर सीएच ३४० ही चिप, तिचा यूएसबी नंबर १ए८६:७५२३, आणि एका ब्रेल यंत्रातही तीच चिप. त्यामुळे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बोर्डाला पोर्ट देतो न देतो तोच हे महाशय "आले आमचे पाहुणे" म्हणून त्याला उचलून आपल्या घरात नेतात. यूएसबीतल्या 'यू'चं नाव युनिव्हर्सल, आणि आधारकार्ड दोघांचं एक! बरं, पडद्यावर एक ओळ नाही. लॉग, म्हणजे लॅपटॉपची आतली नोंदवही, उपसल्याशिवाय कळायला मार्ग नाही. माणसानं भाचीला काय तोंड दाखवायचं?

तो प्रोग्राम काढला. पोर्ट दिसलं. आनंदानं अपलोड दाबलं तर परवानगी नाही! सीरियल पोर्ट वापरायला तुम्ही डायलआउट नावाच्या गटात हवेत. माझ्याच घरात, माझ्याच लॅपटॉपवर, मलाच मेंबरशिप. घेतली. तरी नाही, कारण गट बदलला की पुन्हा लॉगिन करावं लागतं. झोपेत कोण तेवढा विचार करतो, सरळ लॅपटॉपचं बंद-चालूचं बटण दाबलं. दिवा लुकलुकला.

आज सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर काका भेटले. वरून शेव घालून घेत विचारलं, "चाललं का तुमचं फुकटवालं?"

"चाललं."

"काय केलंत शेवटी?"

ब्रेल, चिप, गट, सगळं जिभेवर आलं होतं. पण शेवटी काय केलं ते माझं मलाच माहीत, त्यामुळे मी जिलेबी तोंडात घातली.

"रीस्टार्ट ना?" काका म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या जावयाला फोन लावला.