विषमता दिसू लागल्यास करावयाचे घरगुती उपाय

हा त्रास साधारण चाळिशीनंतर सुरू होतो. एरवी धडधाकट असलेला माणूस सिग्नलला गाडी थांबली की उगाच काचेबाहेर बघतो आणि रात्री जेवताना बायकोला विचारतो, "आपल्या कामवाल्या मावशींचं कसं भागत असेल गं?" वेळीच लक्ष दिलं नाही, तर प्रकरण अर्थसंकल्प वाचण्यापर्यंत जातं. म्हणून ही पथ्यं.

मुख्य पथ्य मानेचं. मान कायम खाली असावी, वर पाहिलं की चक्कर येते. 2022-23मध्ये देशातल्या एकूण संपत्तीपैकी सुमारे 40 टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती, असं वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी काढलं आहे. मनाला लावून घेऊ नका. लॅब पॅरिसची, तिला आपल्या संतांनी शिकवलेलं समाधान काय ठाऊक? तुम्ही खाली बघा. खाली सगळं कसं स्वच्छ दिसतं: रेशनचे फुकट तांदूळ, एसटीचं अर्धं तिकीट आणि लाडकी बहीण.

मावशी म्हणाल्या, "ताई, उद्या उशीर होईल, लाडक्या बहिणीची केवायसी करायचीय," की लगेच रागवायचं नाही. आधी दार लावून घ्या, मग सोसायटीच्या ग्रुपवर लिहा, 'आमच्या टॅक्सच्या पैशावर किती दिवस चालणार हे?' हे लिहायला टॅक्स भरलेला असावा लागतो, अशी भीती बाळगू नका. 2025-26पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे, पगारदारांना तर पावणेतेरा लाखांपर्यंत. शून्य भरूनही 'करदाता' ही पदवी अबाधित राहते. मावशी मात्र करदात्या नव्हेत. त्यांच्या 299च्या मोबाइल रिचार्जमध्ये 45 रुपयांहून जास्त जीएसटी असतो, पण तो कापला जाताना त्या तोंडाने काही म्हणत नाहीत, त्यामुळे मोजायचं कारण नाही.

यानंतर व्याकरण. सगळी मदार क्रियापदांवर आहे, म्हणून हा भाग पाठच करा. मावशी सरकारकडून पैसे 'घेतात'. तुम्ही कर 'वाचवता'. समजा, तुम्ही जुन्या करप्रणालीत 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहात. पीपीएफमध्ये दीड लाख टाकले की 46,800 रुपये वाचतात. राहत्या फ्लॅटच्या कर्जावर दोन लाखांचं व्याज दाखवलं की आणखी 62,400. एकूण झाले 1,09,200. मावशींचे महिना 1,500 म्हणजे वर्षाला 18,000. भागाकार करू नका म्हणून मुद्दाम सांगतोय, कारण उत्तर सहाच्या वर येतं, म्हणजे तुम्ही एकटे सहा लाडक्या बहिणींएवढं 'वाचवता'. हे राखी पौर्णिमेला आठवलं तर घरात विचित्र शांतता पसरते.

कंपन्यांसाठी क्रियापद आणखी वेगळं. 20 सप्टेंबर 2019 रोजी अर्थमंत्र्यांनी गोव्यात कंपनी कराचा मूळ दर 30वरून 22 टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावं लागेल, हेही सरकारनेच सांगितलं. त्याला 'प्रोत्साहन' म्हणतात. लाडक्या बहिणीसाठी राज्याने वर्षाला 46 हजार कोटींचा अंदाज धरला, त्याला 'रेवडी' म्हणतात. तो हिशेब केंद्राचा, हा राज्याचा, तुलना करणं बरं दिसत नाही.

पगाराची स्लिप मात्र जपून वाचा. तिच्यात 'पीटी' नावाची 200 रुपयांची बारीक ओळ असते, फेब्रुवारीत 300ची. हा व्यवसाय कर. 1972च्या दुष्काळात लोक खडी फोडत होते, सुकडी खात होते. त्यातून वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली आणि तिचा खर्च भागवायला शहरातल्या नोकरदारांवर हा कर बसला. (मला विचाराल तर महाराष्ट्राने केलेल्या शहाण्या गोष्टींपैकी ही एक. पण असली मतं या लेखात शोभत नाहीत.) तुम्हाला दिलासा देणारी गोष्ट पुढे आहे. या कराला राज्यघटनेनेच वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातलीय आणि ती 1988पासून तिथेच आहे. त्यामुळे गेटवरचा वॉचमन, पगार चौदा हजार, भरतो 2,500. आणि टेरेस फ्लॅटमधले कंपनीचे डायरेक्टर, ज्यांची गाडी आली की तो धावत गेट उघडतो, तेही 2,500. संपूर्ण समानता! विषमता विषमता म्हणून ओरडणाऱ्याला ही स्लिप दाखवा.

वारसा कराचा विषय निघाला, तर तात्काळ छातीवर हात ठेवावा. 2024च्या निवडणुकीत तो निघाला होता, तेव्हा बदलापूरच्या वन बीएचकेवाल्यांनाही रात्रभर झोप लागली नव्हती. असा कर आपल्याकडे 1953 ते 1985 होता आणि 1957चा संपत्ती करही 2015च्या अर्थसंकल्पात गेला, हे कुणी सांगू लागलं तर विषय त्याच निवडणुकीत गाजलेल्या मंगळसूत्राकडे वळवा.

एवढं करूनही त्रास होत राहिला, तर 'आम्ही मध्यमवर्गीय' हे चाटण दिवसातून तीन वेळा घ्यावं. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने 2022मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार महिना 25 हजार कमावणारा माणूस पगारदारांच्या वरच्या दहा टक्क्यांत बसतो. असली कागदपत्रं घरात ठेवू नयेत. सरकारी कॉलेजात नाममात्र फीमध्ये इंजिनिअर झालात, ती तुमची हुशारी. वॉचमनचा मुलगा झाला नाही, तो त्याचा आळस.

आणि उद्या केवायसी करून मावशी आल्या, फरशी पुसता पुसता सहज म्हणाल्या, "तुम्हाला काय मिळतं हो सरकारकडून?" तर "आम्हाला कोण देतंय मावशी!" एवढंच म्हणा आणि सुस्कारा टाका. फक्त त्याआधी टेबलावर तुमचा पगार आणि करसवलती दाखवणारा फॉर्म 16 उघडा पडलाय का ते बघून घ्या. असेल तर पालथा घाला. मावशी सातवी पास आहेत.