"पोरं मरायचीच, त्यामुळे कोणी जीव लावायचं नाही" म्हणे

परवा तो मेसेज परत फिरत आला. पूर्वी निम्मी पोरं मरायचीच त्यामुळे आईबाप जीव लावायचे नाहीत, प्राचीन ग्रीक तर दुबळी पोरं सरळ फेकून द्यायचे, आणि त्यांच्या शिल्पांत मुलं म्हणजे नुसती छोटी केलेली मोठी माणसं. एका दमात तीन थापा.

पोरं खूप मरायची हे खरंय. पण जीव लावायचे नाहीत हे कुठून काढलं? अथेन्सच्या म्युझियममध्ये इ.स.पू. 420 च्या आसपासचा एक थडग्याचा दगड आहे, म्नेसागोरा आणि निकोखारेस या बहीणभावाचा, ताई पाखरू पुढे धरतेय आणि पिटुकला भाऊ त्याच्याकडे हात करतोय. खाली कोरलंय की ही दोघं आईबाबांना, दोघांनाही, मोठं दुःख देऊन गेली. आता बोला.

आणि अथेन्सच्याच केरामेइकोस कबरस्तानातली आंफारेते, ही तर आजी आहे, मांडीवर बाळ. दगडावरचे शब्द तिच्याच तोंडचे आहेत, की हे माझ्या लेकीचं लाडकं लेकरू, दोघं जिवंत होतो आणि सूर्याचा उजेड बघत होतो तेव्हा मांडीवर घ्यायचे, आता मी मेलेली आणि ते मेलेलं, तरी घेऊन बसलेय. मला तर हे वाचून पुढचं काही सुचेना बराच वेळ.

"छोटी मोठी माणसं" वाल्यांनी पारोस बेटावरची कबुतरंवाली मुलगी बघावी, थडग्याच्या दगडावर कोरलेली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. गुबगुबीत दंड, बाजूने उघडा पडलेला झगा, आणि कबुतराची चोच थेट ओठांपाशी. मेलिस्तो नावाच्या मुलीच्या दगडावर तर बाहुली, पक्षी आणि अंगावर उड्या मारणारं झुबकेदार कुत्रं, सगळंच आहे, मोठ्या बाईच्या थडग्यावर बाहुली कोण कोरेल?

फेकून देण्याचं म्हणाल तर नकोशी मुलं टाकून देणं ग्रीसमध्ये होतं, नाकारत नाही. पण स्पार्टात दुबळी बाळं टाकून द्यायचे ही ती फेमस गोष्ट लिहिली प्लुटार्क नावाच्या ग्रीक लेखकाने, तीही कैक शतकांनी.

हां, एक आक्षेप मात्र रास्त आहे, संगमरवर परवडायचा पैसेवाल्यांनाच. मग ग्रीसच्याच आस्तिपालिया बेटावर बघा, तिथे 2700 च्या वर तान्ही बाळं पुरलेली सापडलीत आणि ती साध्या मातीच्या रांजणांत, कुशीला भोक पाडून बाळ आत ठेवायचं, भोक बंद करायचं, मग पुरायचं. एकेका बाळाला स्वतःचा वेगळा रांजण.