बॅरिकेडवर रायफल जितकी घट्ट, तितकी स्थिर? नाही

बॅरिकेडवरून, म्हणजे रायफल टेकवण्याच्या लाकडी अडथळ्यावरून, नेम धरण्याबद्दल एक सल्ला नेमबाजांमध्ये सर्रास फिरतो. रायफल बॅरिकेडवर जीव खाऊन दाबा. आधार शक्य तितका पुढे, नळीच्या तोंडाकडे घ्या. मोकळ्या हाताने रायफल आणि लाकूड एकत्र आवळा. बाकीचं रायफलचं वजन बघून घेईल. वेळ मोजका असतो, त्यामुळे पोझिशन (अंगाची आणि रायफलची बैठक) बांधत बसू नका, आणि जागा बदलताना बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) बंदच ठेवा. नवख्याला हे पटतं, कारण दाबल्यावर रायफल खरोखरच घट्ट बसल्यासारखी वाटते. पण रायफल घट्ट बसली म्हणून नेम स्थिर होतो, असं नाही.

आधी दाबण्याचंच बघू, कारण बाकीची गफलत तिथूनच सुरू होते. अमेरिकेतल्या प्रिसिजन रायफल सीरिज या लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धांमधली बॅरिकेडची ओळखीची कसोटी अशी: 400 यार्डांवर 10 इंची प्लेट, चार जागांवरून प्रत्येकी दोन म्हणजे एकूण 8 गोळ्या, वेळ 90 सेकंद. स्कोपमधून ती प्लेट जेमतेम 0.7 मिल (एक मिल म्हणजे अंतराच्या हजाराव्या भागाइतका कोन) रुंद दिसते. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 0.35 मिल. आता दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचं, टोक आधारापासून अर्धा मीटर मागे आहे असं धरा. ते टोक 0.17 मिलिमीटर सरकलं, तरी मध्यावर धरलेला नेम प्लेटच्या कडेवर गेलेला असतो. रायफलचं पुढचं टोक लाकडावर टेकलेलं आहे, ते कुठे जाणार? हलतं ते मागचं. आणि पुढे रेटा द्यायला जोर कुठून येतो? मांडीतून, पाठीतून, खांद्यातून. ताणलेला स्नायू थरथरतो, ती थरथर थेट दस्त्याला लागते. जे टोक आधीच कच्चं, त्यालाच आपण आणखी हलवतो.

दुसरी अडचण सातत्याची. पहिल्या गोळीला दिलेला रेटा आठव्या गोळीला तसाच राहत नाही. सहा मिलिमीटर कॅलिबरची 105 ग्रेनची (सुमारे 6.8 ग्रॅम) गोळी नळीत असतानाच दहा किलोची रायफल साधारण अर्धा मिलिमीटर मागे सरकलेली असते. तिला सरळ मागे जायला वाट असेल तर ठीक. एका बाजूने आवळलेली असेल, तर ती दुसरीकडे वळते, आणि दर वेळी थोडी वेगळीच. शिवाय धक्क्यानंतर रेटिकल (स्कोपमधली नेमाची खूण) लक्ष्यावर परतायला हवं. 400 यार्ड कापायला गोळीला जवळपास अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात चित्र जागेवर आलं नाही, तर गोळी कुठे लागली हे दिसत नाही आणि दुसरी गोळी अंदाजाने मारावी लागते. माझ्या मते या खेळातले बरेचसे गुण इथेच जातात, नेम धरण्यात नाही.

मात्र या सल्ल्यात काहीच तथ्य नाही, असं म्हणता येणार नाही. चार-साडेचार किलोची .308 कॅलिबरची रायफल मोकळी सोडली तर ती उसळतेच; तिला खांद्यात सरळ मागे ओढून धरावं लागतं. आधारच डुगडुगणारा असेल, तर त्यातली ढील काढायला अंगाचा भार त्यावर टाकणंही योग्य. पण तो भार अंगाने आधारावर टाकायचा, रायफलवर नाही. सल्ला देणारे हा फरक गाळतात.

‘आधार पुढे घ्या’ हे भूमितीच्या हिशेबाने बरोबर आहे. आधार आणि दस्ता यांत अंतर जास्त असेल, तर दस्ता तेवढाच हलला तरी कोन कमी बदलतो. पालथं झोपून, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि मागे बॅग (आधाराची भरीव पिशवी) असताना हेच करतात. पण बॅरिकेडवर बहुतेक वेळा मागे बॅग नसते, असतो तो फक्त आपला खांदा. अशा वेळी आधार टोकाला गेला की रायफलचं मागचं वजन खांद्यावर लोंबतं आणि पुन्हा स्नायूच कामाला लागतात. म्हणून अनुभवी नेमबाज आधी रायफलचा तोल शोधतात. मॅगझिनच्या पुढे कुठेतरी ती जागा असते. तिथे बॅग ठेवली की रायफल हात न लावताही आडवी राहते; मग खांद्याचं काम फक्त तिला स्पर्श करण्याचं. फोरएंडला, म्हणजे नळीखालच्या पुढच्या भागाला, वजनं का लावतात, याचंही एक उत्तर इथेच आहे: तोलाची जागा पुढे सरकते, म्हणजे अंतरही वाढतं आणि खांदाही मोकळा राहतो.

याच कारणासाठी ‘वजन बघून घेईल’ हे अर्धंच खरं. जड रायफल धक्का पचवते, पण तोल चुकलेली जड रायफल हलक्या रायफलपेक्षा लवकर दमवते.

लाकूड आणि रायफल एकत्र आवळण्याबद्दल फार लिहायला नको. मूठ घट्ट आवळून तिच्याकडे बघा, उत्तर मिळेल. त्या गडबडीत नळी लाकडाला टेकली, तर गोळी पडायची जागाच बदलते. तो हात मोकळा असेल तर दस्त्याखाली घ्या, नाहीतर स्कोपवर नुसता ठेवा. लाकडावर रायफल उघडी ठेवण्यापेक्षा मधे भरीव बॅग असावीच. तिला कुबडी म्हणणाऱ्यांनी एकदा लाकडावरून उडणारी रायफल स्कोपमधून बघावी.

वेळेचा मुद्दा ऐकायला सगळ्यात व्यवहारी. 90 सेकंद भागिले चार, म्हणजे प्रत्येक जागेला सरासरी 22 सेकंद, त्यात हलणंही आलं. पण सेकंद खरे कुठे खर्च होतात? प्लेटवरून इकडेतिकडे फिरणारं रेटिकल मध्यावर येण्याची वाट बघण्यात. शेवटी ते मध्यावरून जाताना माणूस ट्रिगरला हिसका देतो आणि गोळी बाहेर जाते. पोझिशन नीट बसली असेल तर दोन्ही गोळ्या लागोपाठ जातात. ती बसली का, हे सरावात रिकाम्या रायफलवर तपासता येतं. लक्ष्यावर रेटिकल आणा, डोळे मिटा, एक श्वास सोडा, डोळे उघडा. रेटिकल सरकलं असेल तर हाताने ओढून आणू नका. गुडघा किंवा पाऊल हलवा. मग ट्रिगर दाबा आणि ‘खट्’ होताना रेटिकल किती उडतं ते बघा.

राहिला बोल्ट. जागा बदलताना तो मागे, उघडा हवा, असा या स्पर्धांचा नियमच आहे. चालताना चुकून गोळी सुटली, तर नेमबाज स्पर्धेतून बाद होतो, मग आधीच्या स्टेजला कितीही गुण असोत.