सायकली मोजू नयेत

"या वयात हे पोहणं, सायकल, पळणं कशासाठी?" असं कुणी विचारलं की मी तब्येत, शिस्त वगैरे ठेवणीतली उत्तरं काढतो. खरं उत्तर एका शब्दाचं आहे: सायकलीसाठी. नुसता सायकलवेडा माणूस घरात तिसरी सायकल आणायला निघाला, की घरचे त्याच्याकडे काळजीने बघतात. तोच माणूस ट्रायथलीट झाला, म्हणजे एकाच शर्यतीत पोहायला, सायकल मारायला आणि पळायला लागला, की तिसरी सायकल हे 'साहित्य' ठरतं. बाकी पोहणं म्हणजे सायकलपर्यंत पोचण्याचा टोल आणि पळणं म्हणजे सायकलवरून उतरल्याबद्दलची शिक्षा.

या खेळाचा इतिहासही माझ्याच बाजूचा आहे. हवाईत दमदार कोण, पोहणारे की पळणारे, असा वाद चालू असताना जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलातल्या माणसाने मध्येच सायकलवाल्यांचं घोडं दामटलं. एडी मर्क्स या नामांकित सायकलपटूची प्राणवायू वापरण्याची ताकद सगळ्यांत जास्त असल्याचं त्याच्या वाचनात आलं होतं. मग तिन्ही शर्यती एकाला एक जोडल्या आणि 1978 साली पहिली आयर्नमॅन झाली: 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल, 42.2 किमी पळणं. 15 जण उतरले, 12 जणांनी पुरी केली. दुसरा आलेल्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. मी अजून 'ऑलिंपिक' अंतराच्या पुढे गेलेलो नाही, म्हणजे दीड, 40 आणि 10 किमी. आणि मला पाणीच मिळतं.

तर माझ्याकडे तीन सायकली आहेत. थोरली पोलादाची, जड, कशालाही न कुरकुरणारी. मधली कार्बनची, वळणावर नुसत्या नजरेने वळते. धाकटी खास शर्यतीची. तिच्या हँडलला पुढे दोन दांड्या आहेत, त्यांवर कोपरं टेकून वाऱ्याखालून सरपटत जायचं असतं. धाकटीची गरज पटवताना मी बायकोला 1989 ची टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत ऐकवली होती. शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड 50 सेकंदांनी मागे होता आणि रस्ता उरला होता जेमतेम 24.5 किमी. त्याने ट्रायथलॉनवाल्यांकडून आलेल्या अशाच दांड्या लावल्या आणि अख्खी टूर 8 सेकंदांनी जिंकली.

बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. "तुझा पहिला नंबर किती सेकंदांनी हुकला?"

"सेकंदांत सांगायचं तर... एक तास वीस मिनिटं."

"मग दांड्या जरा लांब बघून आण."

यापुढे वाद घालायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. तिन्ही सायकली काळ्या आहेत, हा योगायोग नव्हे. दोन घरात, एक बाहेर, मग जागा बदलून एक घरात, दोन बाहेर. काळ्या सायकली एकत्र उभ्या असल्या की त्यांची एकच सावली पडते आणि सावल्या कुणी मोजत नाही.

लोकांना वाटतं, हे सगळं शर्यतीपुरतं असतं. शर्यत तीन-साडेतीन तासांत संपते हो. उरलेलं वर्ष कोण निस्तरणार? पाऊस, थंडी, अंधार यांपैकी काहीही असलं की सायकलचं मागचं चाक काढून तिला ट्रेनर नावाच्या घरातल्या स्टँडवर चढवायचं आणि भिंतीकडे तोंड करून पॅडल मारत बसायचं. वारा लागत नाही, त्यामुळे घाम धारांनी गळतो. सायकलचे बोल्ट गंजू नयेत म्हणून तिच्या अंगावर टॉवेल; मला मात्र टॉवेल मिळत नाही. दर दीड-दोन महिन्यांनी एक चाचणी असते: 20 मिनिटं जीव तोडून चालवायचं आणि सरासरी ताकदीच्या 95 टक्के धरायचे. म्हणजे वीस मिनिटांत अर्धमेलं होऊन, तासभर किती मरता येईल याचा अंदाज बांधायचा. अशाच एका सकाळी मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, किती लांब गेलास?"

"चाळीस किलोमीटर."

तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आईला सांगायला गेली, "बाबा आला परत."

सायकलवरून उतरून लगेच पळायचं, या सरावाला 'ब्रिक', म्हणजे वीट, म्हणतात. नाव कशावरून पडलं, याबद्दल मतं असतील. माझ्या पोटऱ्यांना शंका नाही. विटेवर उभं राहणाऱ्याचं बरं असतं, विटा पायांत घेऊन पळणाऱ्याचे हाल कुणाला सांगायचे? आणि चेन! चेन घासायला दातांच्या ब्रशइतकं चांगलं हत्यार नाही. जुना ब्रश सापडला नाही की कोणता ब्रश जुना होण्याच्या बेतात आहे, हे मला ठरवावं लागतं. यावरून घरात जे झालं ते इथे सांगत नाही.

शर्यतीच्या आधीचे दहा दिवस सराव कमी करायचा असतो. तेव्हा वर्षभर मुकाट राहिलेला एकेक सांधा बोलू लागतो. ते असो.

या वर्षीच्या शर्यतीत मी पाण्यातून बाहेर आलो तो बराचसा जिवंत होतो. समोर शेकडो सायकली ओळीने टांगलेल्या. आता माझी पद्धत अशी की पाण्यात शिरण्यापूर्वी चष्मा हेल्मेटमध्ये ठेवायचा आणि हेल्मेट सायकलवर. हेल्मेटचा पट्टा आवळल्याशिवाय सायकल जागेवरून काढायची नाही, असा नियमच आहे. व्यवस्था अगदी चोख. फक्त सायकल शोधायला जो चष्मा लागतो, तो सायकलवरच असतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

नंबराचे कागद मला पांढऱ्या फुलपाखरांसारखे दिसत होते. आणि ट्रायथलीट ही जमात किती धूर्त आहे, हेही तेव्हाच कळलं: जिकडे पाहावं तिकडे सायकल काळी! प्रत्येकाच्या घरी मोजणारं कुणीतरी असणार. मी एका ओळीत शिरलो, एका सायकलीवर प्रेमाने हात ठेवला. सीट माझ्या छातीला लागली. दुसरीकडे वळलो.

तेवढ्यात कुंपणापलीकडून ओळखीचा आवाज आला.

"अरे, ती नव्हे! तिसऱ्या ओळीत बघ, शेवटून चौथी!"

मी धावलो. माझीच होती. हेल्मेट, चष्मा, सगळं जागेवर.

"तुला कशी ओळखू आली?" मी पट्टा लावता लावता ओरडलो.

"न ओळखायला काय झालं? फेब्रुवारीत मी माहेरी गेले होते तेव्हा आणलीस ना, तीच ती!"

बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर दंड होऊ शकतो. मी चष्मा लावून शेजारच्या पंचाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता. त्याच्याही घरी असाव्यात दोन-तीन.