मालकंसाची वेळ सव्वासहा

आमच्याकडे मालकंस संध्याकाळी सव्वासहाला गातात. ज्यांना यात काहीच खटकलं नाही त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. ज्यांच्या कपाळावर आठी पडली असेल, त्यांना मालकंस हा मध्यरात्रीचा राग हे ठाऊक असणार; त्यांच्यासाठी सांगतो की आम्ही आमच्या परीने रात्र करतो. खिडक्या लावतो, जाड पडदे ओढतो, ट्यूब बंद करून समई पेटवतो. गायिका डोळे मिटून खर्जात षड्ज लावतात, मध्यरात्र उतरायला लागते आणि गल्लीतून भंगारवाला ओरडत जातो.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर आमच्यातल्या काहींनी मुळशीला प्लॉट घेतले. मी कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या वडिलांच्या बंगल्यात तळमजल्याची मधली भिंत पाडली आणि बैठकीचा हॉल केला. मांडी घालून ७० माणसं बसतात. गुडघेवाल्यांसाठी मागे १२ खुर्च्या ठेवल्या होत्या, त्यांच्या आता २८ झाल्या आहेत आणि सतरंजी आक्रसत चालली आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक कार्यक्रम, तिकीट २०० रुपये. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. शास्त्रीय संगीताला याहून जास्त कोण देणार, हे सरकारला आमच्याआधीच कळलेलं दिसतं.

अडचण पैशांची नाहीच, घड्याळाची आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० साली. त्यांच्या लेखी रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. नेमक्या याच आठ तासांत आमच्या संगीताची सगळी स्थावर-जंगम मालमत्ता आहे. दरबारी, अडाणा, मालकंस, सोहनी ही रात्रीच्या रागांची सगळी मंडळी त्यात. ललितही बिचारा उजाडायच्या आत यायचा, तोही अडकला. उरलं काय, तर संध्याकाळचा यमन. पुण्यात गेल्या काही वर्षांत जेवढा यमन झाला असेल तेवढा तर यमनच्या जन्मापासून झाला नसेल.

सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला आणि पुढे तो रात्र-रात्र चालायचा. आमचे वडील पहाटेची भैरवी ऐकून दूधवाल्याच्या बरोबरीने घरी यायचे आणि दोघांनाही आई एकाच आवाजात विचारायची, “आज उशीर?” आता तोच महोत्सव दुपारी सुरू होतो, रात्री १०ला आटोपतो. एखाद्या शनिवारी १२पर्यंत परवानगी मिळते. सणा-समारंभांसाठी अशी सवलत वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देता येते. त्या १५ दिवसांत आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या शनिवाराचा नंबर लागेल, ही आशा मी बाळगलेली नाही. मुलीच्या लग्नातही मी तिथी मागितली नव्हती, मिळेल ती घेतली होती.

पण नियमांत एक फट आहे. बंदिस्त जागेत, म्हणजे सभागृहात वगैरे, आतल्या आत ऐकण्यापुरता आवाज रात्रीही चालतो. हे वाचल्यावर मी उडालोच. आमची जागा बंदिस्तच तर आहे! बंदिशीला बंदिस्त जागा, याहून चांगलं काय? मी नियमाची प्रत घेऊन खिडकीपाशी गेलो. म्हणजे परवानगीच्या खिडकीपाशी.

“काका, हॉलला खिडक्या आहेत का?”

“आहेत. सहा.”

“मग बंदिस्त कसा?”

“लावून घेतो ना.”

“एसी आहे?”

नाही. पंखे आहेत.

“एप्रिलमध्ये ७० माणसं कोंडणार तुम्ही, खिडक्या लावून?” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आपण संगीतसभेचा नव्हे, भलत्याच कशाचा अर्ज आणलाय असं मलाही वाटू लागलं. “कोणी चक्कर येऊन पडलं तर ते आमच्याकडेच येणार. तुम्ही १०च्या आत उरका.”

मी १०च्या आत उरकायचा अर्ज भरला. स्पीकर लावायचा तर लेखी परवानगी दिवसाही लागते. सोबत काय काय जोडायचं याची यादी भिंतीवर होती आणि यादीच्या खालच्या अर्ध्या भागावर कॅलेंडर. तीन खेपांनंतर कळलं की कॅलेंडरच्या मागे ‘कार्यक्रमाची संहिता’ आहे.

ख्यालाची संहिता! नाटकवाले, ऑर्केस्ट्रावाले आयुष्यभर हे करत आले असतील, पण आमच्यात दोन ओळींचाच कारभार. अस्थायी एक, अंतरा एक. मी सुवाच्य अक्षरात दोन ओळी लिहिल्या, शेजारी वेळ लिहिली: १ तास १० मिनिटं.

खिडकीतल्या साहेबांनी दोनदा वाचलं. “एवढंच?”

“हो.”

“दोन ओळींना सव्वा तास?”

“विलंबित आहे.”

“ते झालं. मग बाकीचा वेळ काय करणार?”

या प्रश्नाचं उत्तर संगीतशास्त्रात शेकडो वर्षं शोधलं जातंय. मी “आऽऽऽ” असं थोडंसं करून दाखवलं. मागच्या रांगेतला लाउडस्पीकरवाला मंडप कॉन्ट्रॅक्टर सहानुभूतीने पुढे झाला आणि म्हणाला, “साहेब, ते आलाप घेतात.” साहेबांनी ‘आलाप’ असं पेन्सिलीने लिहून घेतलं आणि कंस केला.

“गीतकार कोण? हक्काचं पत्र पाहिजे.”

“सदारंग.”

“संपर्क?”

मी सांगितलं की ते दिल्लीला बादशहा मुहम्मदशहाच्या दरबारी होते, अठराव्या शतकात, आणि कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तसं लिहून द्या. सही करा. वारस नाहीत असंही लिहा.” मी लिहून दिलं. सदारंगाच्या घराण्यातले कोणी हे वाचत असतील तर त्यांची माफी मागतो.

परवानगी आली. पण परवानगी हा कायद्याचा अर्धा भाग, उरलेला अर्धा समोरच्या गॅलरीत राहतो. समोरचे काका सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि दोनशे पानी वही घातली. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. मर्यादेच्या १० वर गेलं की तक्रार करता येते. हे मला त्यांच्याकडूनच कळलं, त्यांनी फाटकाला लावलेल्या चिठ्ठीतून. चिठ्ठीच्या शेवटी ‘कळावे, लोभ नसावा’ असं होतं. हात घसरून ‘न’ पडला असावा असं मला आधी वाटलं. पुढच्या चिठ्ठीतही तेच होतं.

मी त्यांना भेटायला गेलो. साधं बोलणंच ६०च्या आसपास जातं, असं जरा अभ्यास करून सांगितलं. त्यांनी मोबाईल आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. मी बोललो ते ६२ भरलं, ते बोलले ते ७४. “हं,” ते म्हणाले, आणि दोन्ही आकडे वहीत उतरवले. माणूस प्रामाणिक. त्यानंतर आम्ही अतिशय हळू बोललो, शेजारच्या खोलीत कोणी आजारी असल्यासारखं.

मग त्यांनी वही उघडून दाखवली. सात महिन्यांच्या नोंदी. ‘७.१० तानपुरा, ४९. ७.३५ तबला, ६१. ८.०५ तान, ६४.’ पुढे लाल शाईत: ‘८.०६ टाळ्या, ७८.’ प्रत्येक महिन्यात लाल रेघ टाळ्यांनाच.

“गाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही,” काका म्हणाले. “तुमच्या श्रोत्यांना आवरा.”

आता बघा. गाणाऱ्याला आवाज कमी करा म्हणता येतं, श्रोत्याला आनंद कमी करा कसं सांगायचं? तरी सांगितलं. दारावर पाटी लावली: ‘टाळ्या वाजवू नयेत. हात वर करून हलवावेत.’ पुण्यात पाटीचं महत्त्व वेगळं सांगायला नको, लोकांनी ती पाळली. ‘क्या बात है’ ६६ भरतं, म्हणून तेही बंद. ‘वा’ चालतं, पण तोंडातल्या तोंडात. पहिल्याच महिन्यात मुंबईहून आलेले सरोदवादक गतीची तिहाई संपवून समेवर आले, मान वर केली, तर समोर ९८ माणसं चिडीचूप बसून हात हलवत होती. ते घाईघाईने उठून उभे राहिले. कोणीतरी पोलीस आल्याची खूण करतंय असं त्यांना वाटलं.

गेल्या दुसऱ्या शनिवारी सव्वासहाच्या मालकंसानंतर यमन झाला (दुसरं काय होणार), मग मध्यंतरात चहा, मग गाणाऱ्या ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. ९.२२. भैरवी घेतली. खिडक्या लावलेल्या होत्या, आत भट्टी झाली होती. शेवटी आमच्या हिने उठून रस्त्याकडच्या दोन सताड उघडल्या. मी खुणेने नको नको म्हणत होतो, पण भैरवी चालू असताना नवऱ्याकडे कोण बघतं? गार वारा आला, ताईंचा आवाज सुटला तो सुटलाच. संपलं तेव्हा हॉलमध्ये सगळ्यांचे हात वर, आणि काडी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

समोरच्या गॅलरीतून टाळ्या आल्या. एकट्याच्याच, पण कडकडीत.

रविवारी सकाळी फाटकाला चिठ्ठी होती. ‘काल ९.४१ वा. ७१ डेसिबल. सदर आवाज माझा. नोंद लाल शाईने केली आहे. खिडक्यांबाबत स्वतंत्र लिहीन.’