‘तीन वर्षं घरी बसून’: एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण सगळं पुसून टाकलं. त्यात नुसता राग होता. आता चार दिवस झालेत, लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: डिसेंबरच्या हाफ मॅरेथॉनवर (21.1 किलोमीटर) मी लेख लिहिला होता. त्यावर भाऊंचं म्हणणं असं की जी बाई पूर्वी हाफ मॅरेथॉन 1 तास 52 मिनिटांत संपवायची, तिनं तीन वर्षं घरी बसून 44 व्या वर्षी तेच अंतर 2 तास 41 मिनिटांत ‘उरकलं’ आणि वर त्याला ‘पुनरागमन’ म्हटलं. किती चाललात ते अर्ध्या वाक्यात गुंडाळलं. असले लेख वाचून लोक तयारी न करता उतरतात. आणि सायकलपटू अमित समर्थांच्या नागपुरात हे लिहिताना जरा तरी विचार करायचा.

आधी तुमचं बरोबर आहे ते. मी लिहिलं होतं, ‘शेवटी थोडं चालावं लागलं’. ते थोडं नव्हतं. वेळ नोंदवणाऱ्या चिपचे आकडे माझ्यासमोर होते: पहिले 12 किलोमीटर 70 मिनिटांत, पुढचे 9 किलोमीटर 91 मिनिटांत. म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटं. फुटाळा तलावाजवळ पोटरीत गोळा आला, रस्त्याच्या कडेला बसले, एका पोरीनं पाय ताणून दिला, आणि तिथून मी बहुतेक चाललेच. हे सगळं लिहायला लाज वाटली म्हणून ‘थोडं’. बस, एवढंच कारण.

आता तुम्ही म्हणाल, धावता येत नव्हतं तर उतरलात कशाला. पण धावता येत होतं. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत माझे सगळे लाँग रन किलोमीटरला 7 मिनिटं 10 सेकंद या पेसनं झाले. दोनदा 18 किलोमीटर केले, सेमिनरी हिल्सचा चढ धरून, आणि दोन्ही वेळा घरी येऊन पोहे केले. त्या पेसनं रेस झाली असती तर 2 तास 31 मिनिटं लागली असती. हळू धावले असते तर दहा मिनिटं आधी पोचले असते!

मग झालं काय? डिसेंबरची थंडी, बिब (छातीवरचा स्पर्धक क्रमांक) लावलेला, आजूबाजूला गर्दी, आणि डोक्यात 1:52. पहिला किलोमीटर 5 मिनिटं 45 सेकंदांत (5:45) गेला. घड्याळात बघितलं आणि वाटलं, अजून आहे बाप्पा आपल्यात. तिथंच आवरायला पाहिजे होतं. पण 1:52 वाल्या बाईला 5:45 म्हणजे फिरायला जाण्याचा वेग, ती कशी थांबणार? भाऊ, तुम्ही ज्या आकड्यानं मला मोजताय ना, त्याच आकड्यानं मीही स्वतःला मोजत होते. गोळा पोटरीत आला, पण सुरुवात तिथून झाली.

मोठ्या खंडानंतर शरीरात काय होतं यावर एक जुना अभ्यास आहे. एडवर्ड कॉईल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेला. पक्क्या सरावाच्या सात जणांनी 84 दिवस सराव पूर्ण बंद ठेवला. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांतच 7 टक्के घसरली, आठ आठवड्यांनी 16 टक्के, आणि पुढे तिथंच थांबली. सुरुवातीची घसरण मुख्यतः हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलतं म्हणून. पण स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं 84 दिवसांनीही जवळपास होतं तसंच राहिलं. माझे 84 दिवस नव्हते, तीन वर्षं होती, म्हणून हे आकडे मी स्वतःला चिकटवत नाही. सांगायचं एवढंच की शरीर सगळ्या गोष्टी एका वेगानं सोडत नाही, आणि एका वेगानं परतही देत नाही. दम लवकर परत येतो. टाचेमागची शीर, सांधे, हाडं, यांना महिने लागतात. जूनमध्ये मला वाटलं झालं आता, कारण धाप लागणं बंद झालं होतं. पुढच्याच आठवड्यात उजवी टाच धरली आणि दोन आठवडे फक्त चालणं. परत येणारे बहुतेक जण याच खड्ड्यात पडतात, आणि मीही पडले. दम चांगला असला की माणूस फसतो.

आता ‘घरी बसून’.

यावर खरं तर लिहिणार नव्हते. सासूबाईंना लकवा मारला, डावी बाजू गेली. तीन वर्षं त्या पलंगावर होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते, रात्रीसुद्धा. दिवसा एक ताई यायच्या, रात्र माझी आणि नवऱ्याची, आलटून पालटून. दहाला, बाराला, दोनला, चारला. साडेचारला पूर्वी मी बूट घालून निघायचे, त्या वेळी मी आता चादर ओढून त्यांना कुशीवर वळवत असायचे. त्यांचं बोलणं शाबूत होतं. बूट शू रॅकमध्ये धूळ खात पडलेले त्यांना खोलीतून दिसायचे. पूर्वी मी धावून आले की म्हणायच्या, ‘‘काहून पयते वं एवढी, कोण लागलं मांगं?’’ आजारपणात एकदा म्हणाल्या, ‘‘ते बूट तरी पुसून ठेव.’’

दिवाळीनंतर त्या गेल्या. गुढीपाडव्याला मी बूट काढले. सोल कडक होऊन भेगाळले होते, नवीन घ्यावे लागले.

हे सहानुभूतीसाठी सांगत नाही. पण ज्या बायांचं धावणं असं सुटतं, त्यांना कोणी ‘घरी बसलेल्या’ म्हटलं की मला राग येतो, आणि तो या उत्तरात ठेवायचा मी ठरवलं आहे.

तयारीचं. इथंही तुमचं अर्धं बरोबर. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडे गेले होते, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट दोन्ही केल्या. लेखात त्याचा उल्लेख नव्हता, असायला हवा होता, कारण चाळिशीनंतर थेट उठून धावणं हा खरोखर धोका आहे. पहिला महिना अंबाझरी तलावाला एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल. तुम्ही चालण्याला हसता, पण जेफ गॅलोवे हा माणूस 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावला होता आणि त्यानंच मधेमधे ठरवून चालण्याची पद्धत लोकांना शिकवली. ठरवून चालणं वेगळं, मोडून पडून चालणं वेगळं. माझं डिसेंबरचं दुसऱ्या प्रकारचं होतं, हे वर मान्य केलंच आहे.

आणि ऊन. आपल्याकडं पाडव्याला सुरू करणं म्हणजे नवतप्याच्या (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या) तोंडात जाणं, हे तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पहाटे पाचलाही पारा तिशीच्या आसपास. उन्हाची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. तोवर वेग बघायचाच नाही. मी घड्याळ घरी ठेवून जायचे. डिसेंबरमध्येही ठेवायला हवं होतं.

राहिले डॉ. अमित समर्थ. 2017 साली त्यांनी एकट्यानं रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, सुमारे 5,000 किलोमीटर सायकल, 12 दिवसांच्या मुदतीत. अभिमान मलाही आहे. पण त्यांचं नाव काठीसारखं वापरू नका हो, जी. पहाटे फुटाळ्याला येणारी निम्मी मंडळी कोणाशीच स्पर्धा करत नाहीत. ती गुडघा सांभाळत, साखर सांभाळत येतात. त्यांच्यापैकी कोणी बिब लावला तर तुमचं काय जातं?

‘पुनरागमन’ हा शब्द मात्र मी काढला. तो मोठा होता. लेखातलं ते वाक्यही बदललं आहे, जाऊन बघा. आता तिथं असं आहे: ‘जुन्या वेगानं सुटले. बाराव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला आणि उरलेल्या नऊपैकी सहा किलोमीटर मी चालले. माझ्यापुढे एक सत्तरीचे काका होते, ते सुरुवातीपासून एकाच चालीनं धावत होते. मी त्यांना तिसऱ्या किलोमीटरला मागं टाकलं होतं.’