त्या छत्तीस प्रश्नांचं खरं काय?

लग्नाळू मुलामुलींच्या ग्रुपवर आणि इन्स्टावर एक पोस्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. कुठल्याही दोन अनोळखी माणसांनी एकमेकांना ठरावीक 36 प्रश्न विचारायचे, मग चार मिनिटं न बोलता एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, की प्रेम झालंच म्हणून समजा. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, प्रयोगातल्या एका जोडप्याने तर लग्नही केलं. खाली बदामांची रांग आणि प्रश्नांची यादी.

प्रयोग झाला होता, आणि फिरणाऱ्या यादीतले बहुतेक प्रश्नही त्यातलेच आहेत. पण त्यातून जे निघालं आणि पोस्टमध्ये जे लिहिलंय, त्यात बरंच अंतर आहे. एकेक दावा घेऊ.

"शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की प्रेम होतं."

मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध 1997 सालचा. त्यांची अडचण अगदी व्यावहारिक होती. जवळच्या नात्यांचा अभ्यास करायचा तर आधीच जुळलेली माणसं घ्यावी लागतात, आणि मग कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेत, ठरावीक वेळात, दोन परक्या माणसांत थोडी जवळीक निर्माण करता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. प्रेम घडवणं हा हेतूच नव्हता.

पद्धत अशी: विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. बारा-बारा प्रश्नांचे तीन संच, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. सगळे प्रश्न संपवायची सक्ती नाही, पण घेतलेल्या प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं. सुरुवात हलकी: जगातल्या कुणालाही जेवायला बोलवता आलं तर कुणाला बोलवाल? फोन करण्याआधी काय बोलायचं याची मनातल्या मनात तालीम करता का? शेवटाकडे येईपर्यंत प्रश्न असा होतो: घरातल्या कुणाचा मृत्यू तुम्हाला सगळ्यात जास्त हादरवेल, आणि का? तुलनेसाठी दुसऱ्या जोड्यांना तेवढाच वेळ नुसत्या गप्पांचे प्रश्न दिले. त्यातला एक मला फार आवडतो: घड्याळ काट्यांचं आवडतं की आकड्यांचं, आणि का?

नंतर दोघांना विचारलं, आता एकमेकांच्या किती जवळ वाटतं? त्यासाठी वापरलेल्या मोजमापांपैकी एक म्हणजे दोन वर्तुळांची सात चित्रं. पहिल्यात वर्तुळं शेजारी-शेजारी, शेवटच्यात जवळपास एकमेकांत मिसळलेली. आपलं नातं कुठल्या चित्रासारखं आहे ते निवडायचं. मोठे प्रश्न घेतलेल्या जोड्यांना घड्याळवाल्यांपेक्षा जास्त जवळ वाटत होतं. किती जवळ? तशाच इतर विद्यार्थ्यांना त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात जवळच्या नात्याबद्दल विचारलं, तर 30 टक्के जणांचं ते नातंसुद्धा या पाऊण तासाच्या ओळखीच्या सरासरीइतकं जवळचं नव्हतं. ही गोष्ट मोठीच आहे, आणि पोस्टवाल्यांना ती माहीत असती तर त्यांनी नक्की वापरली असती.

पण लेखकांनी तिथेच हात आखडता घेतला आहे. ही जवळीक खऱ्या नात्यातल्या जवळिकीसारखी बऱ्याच बाबतीत असली, तरी निष्ठा, एकमेकांवर अवलंबून असणं, बांधिलकी या गोष्टी अशा पद्धतीने येण्याची शक्यता कमी आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढच्या काही आठवड्यांत काय झालं तेही विचारलं होतं. 57 टक्के जण निदान एकदा तरी पुन्हा बोलले होते, 37 टक्के वर्गात एकमेकांजवळ बसले होते, 35 टक्क्यांनी मिळून काहीतरी केलं होतं. चांगली ओळख झाली म्हणायची. याला प्रेम म्हणायचं तर कॉलेजच्या पहिल्या महिन्यात सगळा वर्ग प्रेमात असतो.

"कुठल्याही दोन अनोळखी माणसांचं जमतं."

इथे पोस्टमध्ये अर्धं तथ्य आहे. विचार जुळणाऱ्यांची जोडी लावली काय आणि न लावली काय, किंवा "तुमचं छान जमेल" असं आधी सांगितलं काय आणि न सांगितलं काय, जवळिकीत म्हणावा तसा फरक पडला नाही. गुण जुळवून देणाऱ्यांना हे रुचणार नाही. पण "कुठलेही" म्हणजे कोण? एकाच विद्यापीठातले, साधारण एका वयाचे विद्यार्थी, आणि बऱ्याच जोड्या तर मुली-मुलींच्या. पत्रिका, पगार, आईवडील, ठाण्याला राहायचं की सातारला, यातलं काहीही टेबलावर नव्हतं. ते टेबलावर असताना पाऊण तासात काय होतं, हे या प्रयोगाने तपासलेलंच नाही.

"चार मिनिटं डोळ्यांत बघायचं."

1997 च्या शोधनिबंधात हे नाही. ते जगभर गेलं 2015 च्या जानेवारीत, मँडी लेन कॅट्रन यांच्या न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखामुळे. एका माणसाबरोबर बारमध्ये बसून त्यांनी हे प्रश्न घेतले, मग एका पुलावर उभं राहून चार मिनिटं एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं, आणि पुढे दोघं प्रेमात पडले. सगळ्या पोस्टचं मूळ तिथे आहे. लेख मात्र नीट वाचायला हवा. तो माणूस अनोळखी नव्हता. विद्यापीठातला ओळखीचा, अधूनमधून भेटणारा, आणि याच्याशी जमलं तर, असं त्यांच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. त्यालाही उत्सुकता होती, म्हणून तर तो बसला. शिवाय लेखाच्या शेवटी त्या जे म्हणतात ते पोस्टच्या नेमकं उलट आहे: प्रेम आमच्या बाबतीत आपोआप घडलं नाही, आम्ही दोघांनी ते निवडलं.

डोळ्यांत बघण्यावर संशोधनच नाही असं नाही. 1989 च्या एका प्रयोगात परक्या स्त्री-पुरुषांनी दोन मिनिटं एकमेकांच्या डोळ्यांत बघितल्यावर, हातांकडे बघणाऱ्यांपेक्षा त्यांना समोरच्याबद्दल जास्त ओढ वाटली. पण बघणं दोन्हीकडून असावं लागलं. एकानेच रोखून बघण्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको.

"प्रयोगातल्या जोडप्याने लग्न केलं."

केलं. पण ते दोघं मुख्य प्रयोगातले नव्हते. आधी घेतलेल्या चाचणीतले होते, आणि त्या चाचणीतली पद्धत याच्यासारखी असली तरी हीच नव्हती. एका जोडप्यावरून नियम काढायचा तर एसटीच्या शेजारच्या सीटवर जमलेली लग्नंही मोजावी लागतील.

"यादी सेव्ह करा, पहिल्या भेटीत वापरा."

मला सगळ्यात जास्त काळजी या ओळीची वाटते. माझ्या मावसबहिणीला बघायला आलेल्या एका मुलाने कॅफेत मोबाइल काढून ही यादी वाचायला घेतली. तुम्ही शेवटचं कधी रडलात? सगळ्यात वाईट आठवण कोणती? ती सांगत गेली, तो मान डोलवत पुढच्या प्रश्नावर जात राहिला. स्वतःचं उत्तर एकाचंही नाही. घरी येऊन ती म्हणाली, "अगं, बँकेत केवायसी करून आल्यासारखं वाटलं."

यादीतला जीव प्रश्नांत नाहीच. आधी तू थोडं सांग, मग मी थोडं सांगतो, मग दोघं एकेक पायरी खाली उतरू, या अदलाबदलीत तो आहे. सुसान स्प्रेचर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हेच तपासलं. आळीपाळीने बोलणाऱ्या जोड्या, आणि आधी एकानेच बोलायचं नि दुसऱ्याने ऐकायचं अशा जोड्या. आळीपाळीवाल्यांना एकमेकं जास्त आवडली. तेव्हा प्रश्न वापरायचेच असतील तर विचारणाऱ्याने आधी स्वतः उत्तर द्यावं, आणि मृत्यूचा प्रश्न पहिल्या चहावर तरी काढू नये. मूळ प्रयोगातही तो अगदी शेवटी, पस्तिसावा होता, आणि समोरचा माणूस तोवर बरंच काही सांगून मोकळा झालेला असायचा.

या पद्धतीचा एक उपयोग मात्र पोस्टमध्ये कधीच येत नाही. 2010 मध्ये रिचर्ड स्लॅचर यांनी एकमेकांना न ओळखणाऱ्या जोडप्यांना दोन-दोन करून एकत्र बसवलं. काहींना असे खोलात जाणारे प्रश्न दिले, काहींना वरवरच्या गप्पांचे. पहिल्या गटातली जोडपी समोरच्या जोडप्याच्या जवळ आलीच, शिवाय त्यांना आपापल्या जोडीदाराच्याही जास्त जवळ वाटलं. लग्नाला दहा वर्षं झालेल्यांनी शेजारच्या जोडप्याला जेवायला बोलवून हे करून बघायला हरकत नाही. आपला नवरा फोन करण्याआधी मनात तालीम करतो, हे तेव्हाच कळायची शक्यता आहे.